राजगृहातील बंद खोली : बाबासाहेबांचे दुःख आणि आपले पुरुष

२७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात माता रमाईंचे निधन झाले. अंत्यविधी आटोपून बाबासाहेब घरी आले आणि त्यांनी खोलीचे दार लावून घेतले. पुढचे कित्येक दिवस ते लहान मुलासारखे रडत होते. डोक्याचे मुंडण केलेले, अंगावर भगवी वस्त्रे. धनंजय कीर यांच्या चरित्रात हे नोंदलेले आहे. तेव्हा बाबासाहेब चव्वेचाळीस वर्षांचे होते. बॅरिस्टर होते, मुंबई विधिमंडळाचे सदस्य होते, तिन्ही गोलमेज परिषदांमध्ये ब्रिटिश सरकारसमोर उभे राहून आले होते.

मागच्या वर्षावासात खापरखेड्यातील एका विहारात आम्ही हा प्रसंग सांगितला. उपासिकांच्या डोळ्यांत पाणी आले. पुरुष मंडळी मात्र सतरंजीकडे बघत राहिली. कार्यक्रम संपल्यावर एका आजोबांनी आम्हाला बाजूला घेतले. १९५६ मध्ये वडिलांच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेलेले हे आजोबा. त्यांचे म्हणणे असे की पोरांसमोर बाबासाहेबांचे असे काही सांगू नये. बाबासाहेब वाघ होते, आपल्या पोरांनी त्यांना वाघ म्हणूनच ओळखावे.

आजोबांचा राग आम्हाला कळतो. ज्या समाजाला हजारो वर्षे तू हीन आहेस असे ऐकवले गेले, त्याला ताठ मानेचा, बोट रोखून उभा असलेला बाप हवाच होता. तो पुतळा चौकात उभा राहिला म्हणून आपण उभे राहिलो. पण त्याच सभेत सतरंजीकडे बघत बसलेला एक भाऊ आम्हाला ठाऊक होता. वय पंचेचाळीसच्या आसपास, ठेकेदाराकडे कामाला. वर्षभरापूर्वी त्याची थोरली मुलगी आजाराने गेली. पुण्यानुमोदन झाले, लोक पांगले. खाडे झाले की रोजी कापली जाते म्हणून तो लगेच कामावर गेला. त्यानंतर तो नीट झोपलेला नाही. डॉक्टरकडे गेला तर अंग दुखते, पोटात जळजळ होते एवढेच सांगतो. मुलीचे नाव घेत नाही. रात्री पितो. त्याची बायको आमच्याकडे आली म्हणून आम्हाला हे कळले. तो स्वतः कधीच आला नसता. आजोबांना उत्तर द्यायचे म्हणून नव्हे, तर या भावासाठी आम्ही बाबासाहेबांचे आयुष्य या बाजूने पुन्हा वाचायला घेतले.

भीमराव पाचेक वर्षांचे असताना आई भीमाबाई गेल्या. आत्या मीराबाईंनी सांभाळ केला. साताऱ्याच्या शाळेत वेगळे बसायचे, घरून नेलेल्या गोणपाटावर. तहान लागली तर शिपायाने नळ उघडून द्यावा, शिपाई नसेल तर पाणी नाही. न्हावी केसांना हात लावत नसे, म्हणून बहीण केस कापायची. हे सगळे आपल्याला पाठ आहे. पण १९०१ च्या सुमाराचा मसूर स्टेशनचा प्रसंग आपण पाण्याच्या अन्यायाचा दाखला म्हणून सांगतो आणि पुढे जातो. नवे कपडे घालून वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली चारदोन मुले, न्यायला आलेले कोणी नाही, जात कळताच बदललेला स्टेशनमास्तरचा चेहरा, रात्रभराचा बैलगाडीचा प्रवास आणि डबा जवळ असूनही पाण्यावाचून उपाशी झोपणे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या मनावर त्या रात्रीने काय केले असेल? पस्तीस वर्षांनंतर जुन्या आठवणी लिहायला बसल्यावर बाबासाहेबांना पहिली आठवण लिहावीशी वाटली ती हीच.

त्या आठवणींमध्ये १९१७ चे बडोदेही आहे. तिथे आम्ही जरा थांबतो. अमेरिका आणि लंडनचे शिक्षण घेऊन आलेले बाबासाहेब सयाजीराव महाराजांच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव लावून एका पारशी धर्मशाळेत वरच्या मजल्यावर राहू लागले. अडगळीने भरलेले मोठे दालन, मिणमिणता कंदील, वटवाघळांची फडफड, बोलायला एकही माणूस नाही. ते वाचत राहायचे, एकटेपणाचा विसर पडावा म्हणून. आपण बाबासाहेबांच्या अठरा तास अभ्यासाचे गोडवे गातो, पण त्या काही रात्री तरी पुस्तक म्हणजे बोलायला माणूस नसल्यावरचा आसरा होता, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. मुंबईहून उरलेले सामान घेऊन आलेला भाचा मामांची ती अवस्था पाहून एवढ्या मोठ्याने रडू लागला की त्याला लगेच परत पाठवावे लागले.

अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले. संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितली. दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्री नऊची. तोवरचे काही तास बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहिले आणि तिथे रडले. आज त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात, दरवर्षी लोक अभिवादनाला जातात. संकल्पाचे फलक तिथे आहेत. पण अठरा वर्षांनी तो प्रसंग लिहितानाही काठ्या घेतलेली माणसे आपल्या डोळ्यांसमोर जशीच्या तशी उभी राहतात आणि आठवण आली की डोळे भरून येतात, हे बाबासाहेबांनी लपवले नाही. अठरा वर्षे! एवढ्या काळात ते बॅरिस्टर झाले, डॉक्टरेट मिळवल्या, महाड केले, लंडनला जाऊन आले. तरी ती संध्याकाळ पुसली गेली नाही. अपमान शरीरात घर करून राहतो, हे समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही पुष्कळ मोठ्या शब्दांत शिकलो. बडोद्याची ती पाने वाचली असती तरी भागले असते.

रमाई आणि बाबासाहेबांना पाच अपत्ये झाली. यशवंत तेवढे जगले. तीन मुलगे आणि एक मुलगी, चौघे लहानपणीच गेले. शेवटचा राजरत्न, १९ जुलै १९२६ रोजी गेला. हा मुलगा बाबासाहेबांचा फार लाडका होता. महिन्याभराने कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी मन मोकळे केले आहे. या धक्क्यातून आपण आणि पत्नी सावरलेलो नाही, कदाचित कधीच सावरणार नाही, जगण्याची चवच गेली आहे, असा त्या पत्राचा सूर. पत्र मित्राला लिहिलेले आहे, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाला, मला हे सोसवत नाही, असे कळवले. त्यानंतर आठ महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, ते चवदार तळ्याच्या काठावर उभे होते. दुःख संपले आणि मग संघर्ष सुरू झाला, असे त्यांच्या आयुष्यात कधी झाले नाही. दोन्ही बरोबरच चालले. रमाईंच्या जाण्यानंतर साडेचार महिन्यांत, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवल्याची घोषणा झाली. पुढे पाकिस्तानवरचा ग्रंथ त्यांनी रामूच्या, म्हणजे रमाईंच्या, स्मृतीस अर्पण केला. पत्नी जाऊन पाच वर्षे झाली होती.

आपल्या भीमगीतांमध्ये रमाईंचे अश्रू आहेत. गेलेल्या लेकरांसाठी रडणारी, शेण्या थापणारी, उपाशी राहणारी रमाई प्रत्येक गायक गातो आणि ७ फेब्रुवारीला वस्तीतल्या बायका ती ऐकून रडतात. त्याच मुलांचा बाप मात्र गाण्यांत रडत नाही. तो परदेशात शिकत असतो किंवा सभा गाजवत असतो. दुःख बाईच्या वाट्याला, लढा पुरुषाच्या वाट्याला, अशी ही वाटणी आपण करून टाकली आहे. ती बाबासाहेबांनी केलेली नाही. जयंतीला डीजेसमोर नाचणाऱ्या विशीतल्या पोरालाही वाटते की भीमाचा वाघ म्हणजे ज्याला कधी काही होत नाही तो.

असे फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेतल्या काळ्या लोकांमध्ये जॉन हेन्री नावाच्या मजुराची लोककथा आहे. डोंगरात रेल्वेचा बोगदा खोदायला वाफेचे यंत्र आणले जाते, जॉन हेन्री हातोडा घेऊन त्या यंत्राशी शर्यत लावतो, जिंकतो आणि हातोडा हातात असतानाच मरून पडतो. शर्मन जेम्स या साथरोगतज्ज्ञाने १९८० च्या दशकात हेच नाव घेऊन एक सिद्धांत मांडला. साधने तोकडी असताना, भेदभाव सोसत, मी एकटा सगळे ओढून नेईन या जिद्दीने वर्षानुवर्षे राबणाऱ्या माणसाला ती जिद्दच रक्तदाबाच्या रूपाने मोजावी लागते, असा तो सिद्धांत. आम्ही तो पहिल्यांदा वाचला तेव्हा अमेरिका आठवली नाही, आपल्या वस्तीतले काका-मामा आठवले. आणि रक्तदाब, मधुमेह, संधिवाताने वेढलेले शेवटच्या वर्षांतले बाबासाहेब आठवले. त्यांच्या आजारांची कारणे आम्ही ठरवू शकत नाही, ते डॉक्टरांचे काम. पण विश्रांती न घेता स्वतःला झिजवणारा माणूस आपण आदर्श म्हणून सांगतो, तेव्हा त्या झिजण्याची किंमतही सांगावी.

तिकडच्या काळ्या पुरुषांनी या मौनावर एक साधा उपाय शोधला. काळा माणूस डॉक्टरकडे जाणार नाही, पण केशकर्तनालयात तासभर बसतो आणि बोलतो. म्हणून काही संस्थांनी न्हाव्यांनाच ऐकून घेण्याचे शिक्षण दिले. ज्यांच्या बाबासाहेबांना साताऱ्यात न्हाव्याने हात लावला नाही, त्या आपल्याला ही गोष्ट वाचताना कसे वाटते ते सांगायला नको. आपल्याकडे तशी जागा म्हणजे पानठेला. तिथे राजकारण, क्रिकेट, ठेकेदार, सगळे निघते. झोप येत नाही हे निघत नाही.

फ्रान्झ फेनॉन हे नाव आपल्या तरुणांनी माहीत करून घ्यावे. मार्टिनिक बेटावर १९२५ मध्ये जन्मलेला हा काळा मानसोपचारतज्ज्ञ. अल्जेरियात फ्रेंच राजवटीच्या मनोरुग्णालयात त्याने काम केले आणि तिथे त्याच्या लक्षात आले की जी राजवट माणसाला त्याच्याच मातीत परका करते, तिच्या आश्रयाने त्याचे मन बरे करता येणार नाही. १९५६ मध्ये त्याने राजीनामा दिला. त्याच वर्षी नागपुरात धम्मदीक्षा झाली. फेनॉन वारला ती तारीखही ६ डिसेंबर, साल १९६१. वय अवघे छत्तीस. दोघांच्या सांगण्यात साम्य आहे ते असे की शोषिताच्या मनाचा आजार फक्त त्याच्या मनात शोधू नका. बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात बाबासाहेब दुःखाकडे असेच बघतात. माणसाने माणसावर लादलेल्या दुःखाची ओळख आणि ते दूर करण्याचा मार्ग, हा त्यांच्या दृष्टीने धम्माचा पाया.

मग आमच्यावर एक आक्षेप येतो, आणि तो चळवळीतल्या जाणत्या कार्यकर्त्यांकडून येतो. दुःख जर व्यवस्थेने दिले आहे, तर गोळ्या आणि समुपदेशन कशाला? लढा करा. याला बाबासाहेबांच्या आयुष्यातले १९४७-४८ हे साल उत्तर देते.

देशाची राज्यघटना लिहिली जात होती. मसुदा समितीचे काम त्यांच्या खांद्यावर होते. पाय इतके दुखायचे की रात्र रात्र झोप नसे. मधुमेह बळावला होता. बाबासाहेबांनी हे दडवले नाही. मुंबईला जाऊन उपचार घेतले. तिथेच त्यांची ओळख डॉ. शारदा कबीर यांच्याशी झालेली. आपली काळजी घेणारे कोणी जवळ असल्याशिवाय आपण फार दिवस काम करू शकणार नाही, हे त्यांनी स्वतः ओळखले आणि दादासाहेब गायकवाडांसारख्या जवळच्या सहकाऱ्यालाही कळवले. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत लग्न झाले, शारदा कबीर सविता आंबेडकर झाल्या. समाजात नाराजी झाली, ब्राह्मण स्त्रीशी लग्न केले म्हणून बोलणी झाली, ती माईसाहेबांना पुढे आयुष्यभर पुरली. तो वाद इथे नको. आम्हाला दिसतो तो सत्तावन्न वर्षांचा पुरुष, ज्याने मदत मागितली. घटना लिहिणे थांबवले नाही आणि औषध घेणेही टाळले नाही. व्हायोलिन शिकायला घेतले ते उतारवयात. त्यात देशाचे काय भले होणार होते? काही नाही. बोटांना आणि जिवाला बरे वाटत असेल.

नंतरची वर्षे कठीण गेली. २७ सप्टेंबर १९५१ ला मंत्रिमंडळाचा राजीनामा, हिंदू कोड बिलाची झालेली दशा, १९५२ मध्ये मुंबईत पराभव, १९५४ मध्ये आपल्याच विदर्भात, भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पराभव. त्याच १९५४ मध्ये जून ते ऑक्टोबर ते बहुतेक काळ अंथरुणाला खिळून होते. दृष्टी मंदावली. शेवटची अनेक वर्षे त्यांचे लिखाण टंकित करून देणारे नानकचंद रत्तू यांनी १९५६ च्या जुलैमधले बाबासाहेब लिहून ठेवले आहेत. खिन्न, मध्येच डोळे भरून येणारे, ग्रंथ आपल्या हयातीत छापून होणार का या काळजीने ग्रासलेले, शिकून पुढे गेलेल्यांनी समाजाकडे पाठ फिरवली याचे दुःख करणारे. रत्तू नोकरी करणारे माणूस. दिवसाची कचेरी संपवून संध्याकाळी बाबासाहेबांकडे यायचे. ते काही मानसतज्ज्ञ नव्हते. त्यांनी विचारले, ऐकले आणि जवळ बसून राहिले.

त्यानंतर अडीच महिन्यांत, १४ ऑक्टोबरला, बाबासाहेब काठीचा आणि माणसांचा आधार घेत दीक्षाभूमीच्या व्यासपीठावर चढले. खापरखेड्याहून नागपूर वीसेक किलोमीटर. आमच्या आजोबांच्या वडिलांनी पोराला खांद्यावर घेऊन ते अंतर कापले होते. लाखो लोकांनी त्या दिवशी जे बाबासाहेब पाहिले, ते आजारी होते, थकलेले होते आणि आयुष्यातले सर्वांत मोठे काम करत होते. बाबासाहेबांना नैराश्य होते की नव्हते, याचा शिक्का मारायचा आम्हाला अधिकार नाही. मेलेल्या माणसाचे निदान करणे हा फालतूपणा आहे. आम्ही एवढेच म्हणतो की हे पान फाडून उरलेले चरित्र मुलांना देऊ नका.

पान फाडल्याचा परिणाम कुठे दिसतो? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ लोकांनी आत्महत्या केल्या. त्यातले १,२२,७२४ पुरुष. एकूण संख्येत दर चौथा माणूस रोजंदारीवर जगणारा. जातीचा रकाना त्या अहवालात नाही. पण रोजंदारीवर कोण आहे, हे आपल्याला अहवालात बघावे लागत नाही. राखेची धूळ, रात्रपाळी, दर वर्षी नव्याने होणारा ठेका, मुलाने इंजिनिअरिंग करूनही त्याच ठेकेदाराच्या दारात उभे राहणे, खापरखेड्याच्या पट्ट्यातल्या घरोघरी हे आहे. आणि पुरुषाने बोलायचे नाही, हेही घरोघरी आहे.

मदत नाही असे नाही. नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण त्या नावालाच लोक घाबरतात. तिथे गेला म्हणजे वेडा, पोरीचे लग्न जमणार नाही. टेली मानसची १४४१६ ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत, नाव सांगायची सक्ती नाही. २०१७ च्या कायद्यानंतर जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार न मानता तो तीव्र ताणात होता असे धरून चालायचे आहे. पोलीस केस होईल या भीतीने घरात दडवून ठेवू नका. एवढी माहिती आम्ही विहाराच्या फलकावर खडूने लिहिली. पहिले दोन महिने कोणी तिचा उल्लेखही केला नाही. मग एका रविवारी दोघांनी खाली मान घालून मोबाइलमध्ये क्रमांक उतरवून घेतला.

वर्षावासातले ग्रंथवाचन आश्विन पौर्णिमा जवळ आली तेव्हा आठव्या खंडात पोचले. तिथे तथागतांची करुणा सांगणारा भाग आहे. आजारी भिक्खूला स्वतःच्या हाताने धुऊन स्वच्छ करणारे तथागत त्यात आहेत, नात गेलेल्या विशाखेचे सांत्वन आहे आणि मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणारी किसा गोतमी आहे. चार लेकरे गमावलेल्या बापाने, शेवटच्या आजारपणात, ही गोष्ट आपल्या ग्रंथात घेतली. आम्ही हे वाक्य त्या दिवशी विहारात मुद्दाम सांगितले आणि मग वाचन सुरू झाले.

त्या संध्याकाळी वाचायची पाळी त्या भावाची होती. त्याच्या बायकोने त्याला जवळजवळ ओढत आणले होते. तो चांगले वाचतो, आवाज खणखणीत. मोहरीच्या दाण्यांपर्यंत आला आणि थांबला. आम्हाला वाटले चष्मा पुसतोय. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाने त्याच्या हातातून ग्रंथ घेतला, ओळीवर बोट ठेवले आणि पुढे वाचू लागला. त्या भावाने मुलीचे नाव घेतले ते सगळे उठून चपला घालत असताना, आमच्याशी नव्हे, त्या शेजाऱ्याशी. दोघे बाहेरच्या ओट्यावर दहा वाजेपर्यंत बसले होते.

आजोबा त्या दिवशी आले नव्हते. त्यांच्याशी आमचा वाद मिटलेला नाही.